कमी खर्चात वजन उतरवायचे आहे? या चुका टाळा

वजन कमी करायला घेतल्यावर घरचा महिन्याचा खर्च वाढला, तर कुठेतरी चुकते आहे असे खुशाल समजावे. कारण वजन उतरते ते मुख्यतः कमी खाल्ल्याने, आणि कमी खायला पैसे पडत नाहीत. सकाळी मैदानावर नव्याने येणाऱ्यांना चार गोष्टी सांगण्याचे काम मी बरीच वर्षे हौसेने करतो आहे. दर जानेवारीत माणसे नवी येतात आणि चुका मात्र जुन्याच करतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो.

सवय लागण्याआधी पैसे भरून मोकळे होणे, ही त्यांतली सर्वांत महागडी चूक. वर्षाची फी एकरकमी भरली की जिममध्ये घसघशीत सवलत मिळते, पण मार्चनंतर किती जण फिरकणार आहेत याचा अंदाज सवलत देणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगला असतो. ज्याने तीन महिने न चुकता पहाटे चालून दाखवले, त्यानेच जिमचा विचार करावा आणि तोही महिन्याच्या बोलीवर, असे माझे मत आहे. तोवर दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार पुरेसे आहेत, आणि त्यांना सतरंजीपुरती जागा लागते.

प्रोटीन पावडरीच्या डब्यांचे प्रकरण याहून वाईट आहे. कुरिअरच्या गोदामात काम करणारा एक तरुण आमच्याकडे नियमाने येत असे, मन लावून बैठका मारत असे, आणि तरीही दोन महिन्यांत त्याचे वजन घटण्याऐवजी वाढले. जेवण निम्मे केले आहे, असे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरेही होते. खोदून विचारल्यावर कळले की ‘व्यायाम करतो तर पावडर हवीच’ असे कुणीतरी त्याच्या मनात भरवले होते, आणि दुकानात व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा, भाव ऐकून घाबरल्यामुळे त्याने त्याच शेल्फावरचा, निम्म्याहून कमी भावाचा भला मोठा डबा उचलला होता. मी तो डबा मागवून घेतला. त्यावर ठळक अक्षरांत ‘मास गेनर’ असे लिहिलेले होते, म्हणजे ती पावडर वजन वाढवू पाहणाऱ्या सडपातळ मुलांसाठी होती. मागच्या बाजूचा तक्ता पाहिला, तर 100 ग्रॅममध्ये प्रथिने 15 ग्रॅमच्या आसपास आणि उरलेली जवळजवळ सगळी कर्बोदके. दुधात कालवून दिवसातून दोनदा हे घेणारा माणूस जेवणाशिवाय 1000 कॅलरी जास्तीच्या पोटात घालत होता, आणि त्यासाठी पगारातले पैसे मोजत होता.

त्याला मी जे सांगितले तेच सर्वांना सांगतो. डबा विकत घेण्याआधी तो उलटा करून मागचा तक्ता वाचावा, आणि वाचून झाल्यावर परत ठेवून द्यावा. बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 56 ग्रॅम. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांमध्ये 100 ग्रॅमला सुमारे 52 ग्रॅम प्रथिने असतात. 50 ग्रॅम वड्या भिजवून, पिळून भाजीत घातल्या की महागड्या पावडरीच्या डब्यातल्या मापाच्या एका चमच्याइतकी प्रथिने पोटात जातात. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम मिळतात आणि बाकीचे काम वरण, भाकरी व मूठभर फुटाणे करतात. फुटाण्यांऐवजी शेंगदाणे चालतील का, हा प्रश्न हमखास येतो. चालतील, पण 100 ग्रॅम दाण्यांत 550 हून अधिक कॅलरी असतात, तेव्हा ते मोजून खावेत. बशी समोर ठेवून गप्पा मारत खाऊ नयेत.

आता तेल. लोक साखर सोडतात, भात सोडतात, रात्रीचे जेवण सोडतात, पण फोडणीच्या पळीकडे कुणाचे लक्ष जात नाही. चौघांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल लागत असेल तर ते माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम पडते, आणि ग्रॅमला 9 कॅलरी या हिशेबाने त्याच्या जवळपास 340 कॅलरी होतात. तेच तेल 3 लिटरवर आणले, तर माणशी रोज 135 कॅलरी वाचतात. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी धरल्या, तर एवढ्यानेच महिन्याला अर्धा किलो वजन उतरायला हरकत नाही, आणि किराण्याच्या यादीतून दोन पिशव्या कमी होतात त्या वेगळ्याच. आमच्या घरी महिन्याचे तेल पहिल्या तारखेला एकाच बरणीत भरून ठेवतात आणि भाजीला पळीऐवजी चमच्याने घालतात. सुरुवातीला भाजी कोरडी लागते अशी कुरकुर होते. ती ऐकून घ्यावी.

व्यायामाचे बक्षीस लगेच खाऊन टाकणे हीसुद्धा आवडती चूक आहे. रविवारी घाम गाळत सिंहगड चढायचा आणि वर गेल्यावर कांदाभजी, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही असा बेत करायचा, यात आनंद पुष्कळ आहे, पण त्याला वजन उतरवणे म्हणू नये. उपवासाचेही तसेच: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप, तेव्हा एकादशीला खिचडी खाणाऱ्याने त्या दिवशी कमी खाल्ले असा हिशेब धरू नये.

प्लास्टिकचे जाकीट घालून धावल्याने पाणी जाते, चरबी जात नाही. पोटाचे व्यायाम केल्याने फक्त पोटाची चरबी उतरत नाही. मध-लिंबू पाण्यात मधाच्या कॅलरी असतात, जादू नसते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि व्यायाम करताना छातीत दुखले तर थांबावे. यात काटकसर करू नये.

उतावळ्यांना रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहण्याची सवय असते. खाणे एकदम तोडले की पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो, पण त्यात बरेचसे पाणी असते. शरीरात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, संपते आणि त्याला धरून असलेले पाणी निघून जाते. पुढे काटा अडला की हीच मंडळी निराश होऊन घरी बसतात. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. त्यासाठी लागणारी टेप शिवणसामानाच्या दुकानात चहा-वड्याच्या भावात मिळते.