घडीचा ट्रेलर गाडीमागे जोडण्याआधी

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींत दर वसंतात हा विषय निघतो. तंबूत झोपलं की पाठ धरते, हॉटेलात राहिलं तर जंगलात आल्यासारखं वाटत नाही, मग गाडीमागे ओढत न्यायचा आणि जागेवर उघडून आत झोपायचा तो घडीचा छोटा ट्रेलर घ्यावा का? जरूर घ्यावा. मात्र ट्रेलर बघायला निघण्याआधी ड्राइव्हवेमधल्या आपल्याच गाडीचं दार उघडा. टायरमध्ये हवा किती भरायची ते सांगणारं एक स्टिकर ड्रायव्हरच्या बाजूच्या चौकटीवर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, तेही त्याच्यावरच छापलेलं असतं. तो आकडा कागदावर उतरवून घ्या. मग मॅन्युअल काढून टोइंगची, म्हणजे मागे ओढायच्या वजनाची, मर्यादा शोधा आणि शेजारी लिहा. सगळे जण दुसरा आकडा तोंडपाठ सांगतात, पण गाडं अडतं ते पहिल्यावर.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यातून, म्हणजे टंगमधून, थेट तुमच्या हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी जोडणीवर, येतो. तो स्टिकरवरच्या आकड्यातच धरायचा. समजा, स्टिकरवर १,२०० पौंड आहेत. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा असे सहा जण मिळून ८०० झाले. सामान भरलेला ट्रेलर २,६०० पौंडांचा असेल, तर टंगचे ३१० धरा. उरले ९०. त्यात कूलर, बॅगा, खुर्च्या आणि आईने बरोबर घेतलेला फराळाचा डबा. टोयोटाच्या सिएन्ना मिनीव्हॅनची टोइंग मर्यादा ३,५०० पौंड आहे म्हणून निर्धास्त राहणारी मंडळी नेमकी इथे फसतात. होंडा सीआर-व्हीची मर्यादा तर फार फार तर १,५०० पौंड आहे. ती असेल तर घडीच्या ट्रेलरांतलेही अगदी चिमुकलेच बघायचे. व्ही-सिक्स इंजिनाची टोयोटा हायलँडर ५,००० पर्यंत ओढते, त्यामुळे तिथे जरा श्वास घेता येतो.

विक्रेता सांगतो ते वजन रिकाम्या ट्रेलरचं. त्यात पाणी नसतं, गॅस नसतो, बहुतेक वेळा बॅटरी धरलेली नसते, आणि नंतर बसवलेला एसीही नसतो. एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. नेहमीचा २० पौंडी गॅसचा सिलिंडर भरल्यावर ३७ च्या आसपास जातो. बॅटरी आणखी ५०. भांडी, अंथरुणं, पाण्याचा पाइप, ट्रेलर समतल करायचे ठोकळे हे सगळं धरून रिकाम्या वजनात चार-पाचशे पौंड मिळवा आणि मगच हिशेब करा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे लावलेल्या पट्टीवर भरलेल्या ट्रेलरच्या वजनाची कमाल मर्यादा असते. ती तुमच्या गाडीला झेपत असेल तर प्रश्नच मिटला.

आता प्रकार. कॅनव्हासच्या भिंतींचा पॉप-अप सगळ्यात स्वस्त, आणि दोन्ही टोकांना पलंग बाहेर सरकत असल्याने सहा माणसं खरोखर झोपू शकतात. पेनसिल्व्हेनियात समरसेटला बनलेले कोलमनचे जुने पॉप-अप अजून ठिकठिकाणी विकायला दिसतात. पण पावसात भिजलेला कॅनव्हास तसाच मिटून घरी आणला, तर दोन दिवसांत उघडून वाळवावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते. सोमवारी ऑफिस असलेल्या माणसाने हे आधीच मनाशी ठरवावं. दुसरा प्रकार कौलारू छपरासारखा उघडणारा, ज्याला इथे ए-फ्रेम म्हणतात. पेनसिल्व्हेनियाचीच अलायनर कंपनी त्यात जुनी. भिंती टणक, उघडायला काही मिनिटं पुरतात, मध्यम आकाराचा रिकामा ट्रेलर दीड ते दोन हजार पौंडांचा. पण ताठ उभं राहता येतं ते फक्त मधल्या पट्ट्यात, आणि आरामात झोपतात दोघं, फार तर तिसरं एखादं लहान मूल. तिसरा प्रकार टेनेसीच्या ट्रेलमॅनरचा. त्याचे दोन अर्धे डबे एकमेकांत बसतात, आत संडास-बाथरूम मिळतं, आणि वजन त्या मानाने वाढतं. आई-बाबांना रात्री अंधारात कॅम्पग्राउंडच्या सार्वजनिक संडासाकडे चालत जायचं नसेल, तर हा प्रकार किंवा निदान आत ठेवायचा छोटा पोर्टेबल संडास धरूनच चाला.

माझा कल ए-फ्रेमकडे. बंद असताना तो इतका बुटका असतो की मागच्या आरशात रस्ता दिसतो आणि वारा कमी अडतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळावरही मर्यादा असते. बुटक्या ट्रेलरला ती सहसा आडवी येत नाही. शिवाय ज्यांच्या वसाहतीची एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर उभा करू देत नाही, त्यांच्या गराजमध्ये तो कदाचित मावतो. गराजच्या दाराची उंची आणि दांड्यासकट ट्रेलरची लांबी टेपने मोजा, जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. टणक भिंतींचा आणखी एक उपयोग आहे. ग्रिझली अस्वलांमुळे यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कात कॅनव्हासच्या ट्रेलरला प्रवेशच नाही.

वापरलेला घेणार असाल तर तो पूर्ण उघडल्याशिवाय पैशाची गोष्ट काढू नका. आत शिरून आधी वास घ्या. कुबट वास आला की पाणी कुठून तरी झिरपलेलं आहे. कोपऱ्यात, खिडकीखाली, दाराच्या उंबऱ्याशी बोटाने दाबून बघा, पाय आपटून जमीन कुठे लिबलिबीत लागते का ते बघा. मग तो तुमच्याच हातांनी मिटा आणि परत उघडा. ए-फ्रेममध्ये बाहेरचे खटके सोडून छपराचे दोन्ही भाग वर ढकलायचे, आत जायचं, आडव्या पडलेल्या त्रिकोणी भिंती उचलून छपराला अडकवायच्या. स्प्रिंग दमलेले असतील तर ते छप्पर ढकलताना लगेच कळतं. हे काम घरातल्या ज्या दोघांना नेहमी करायचं आहे त्या दोघांनीच करून बघावं. विक्रेत्याचा पोरगा एका हाताने करून दाखवतो, त्याला रोजची सवय असते. टायरच्या भिंतीवर डीओटीच्या पुढे शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर पाच-सहा वर्षांच्या वरचा असेल तर नक्षी कितीही शाबूत दिसो, बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. नवे घेताना एसटी शिक्क्याचे, खास ट्रेलरसाठीचे घ्या.

हिच बसवताना सव्वा इंची रिसीव्हरच्या, म्हणजे हिचच्या चौकोनी नळीच्या, ऐवजी दोन इंची मिळत असेल तर तो घ्या, पुढे सायकलचा रॅकही त्यात बसतो. मात्र हिच कितीही दणकट लावला तरी गाडीची मर्यादा वाढत नाही. हिचवरच्या गोळ्याचा, म्हणजे बॉलचा, आकार त्याच्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोपीवर, म्हणजे कपलरवर, कोरलेला असतो, तोच घ्यायचा. पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा बॉल दोन इंची कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात बाहेर येतो. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात. मी म्हणेन, त्याहून हलक्यालाही इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांचं सॉकेट बसवून घ्या. चार पिनांच्या वायरीतून फक्त दिवे चालतात.

सामान भरताना जड वस्तू चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवा. मागच्या टोकाला जड कूलर आणि सायकली लादल्या की टंग हलकी होते आणि हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. वजनाबद्दल शंका असेल तर ट्रकवाल्यांच्या थांब्यावर कॅट स्केलचा काटा असतो. थोड्या डॉलरांत गाडीच्या दोन्ही आसांचं आणि ट्रेलरचं वजन छापून हातात मिळतं. पहिल्या सहलीच्या आधी हे एकदा कराच.

रस्ता ठरवताना फोनचा नकाशा डोळे मिटून पाळायचा नाही. त्याला तुमच्या मागचा ट्रेलरही दिसत नाही आणि त्यावरचा सिलिंडरही. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून, हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री, २० पौंडी गॅसचा सिलिंडर नेता येत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने पडला, त्यामुळे आता शहराभोवतीच्या ६९५ महामार्गाची पश्चिमेकडची लांब फेरी धरावी लागते. व्हर्जिनियातल्या शेनंडोआ नॅशनल पार्कला जायचं असेल तर ७८ आणि ८१ या महामार्गांवरून हा प्रश्नच येत नाही.

निघायच्या सकाळी गाणी नाहीत, गप्पा नाहीत, जोडणारा एकच माणूस. कपलर बॉलवर बसला, खटका लागला, पिन घातली. मग ट्रेलरच्या दांड्यावरचा जॅक थोडा खाली फिरवून गाडीचा मागचा भाग त्यासोबत उचलला जातो का ते बघा. उचलला गेला तर पकड नक्की. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवा, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवेची बारीक तार साखळीला न लावता गाडीच्या पक्क्या भागाला लावा. ट्रेलर तुटून सुटला तर ही तार खेचली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. एकाने मागे उभं राहून इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे बघा. छपराचे खटके लागलेत ना, हे चारही बाजूंनी फिरून हाताने तपासा. चाकं नवी बसवली असतील तर पहिल्या ५० मैलांत थांबून नट पुन्हा आवळा.

चालवताना ६० च्या आसपास राहा. कॅलिफोर्नियात तर टो करणाऱ्याला ५५ चीच मर्यादा आहे. ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवू नका. अॅक्सिलरेटर हळू सोडा आणि कंट्रोलरची पट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. शेनंडोआतल्या स्कायलाइन ड्राइव्हसारख्या उतारावर आधीच खालच्या गिअरमध्ये या. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलरची पाठ जाते. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा झटकन वळतो, म्हणून हा सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये उरकून घ्या. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर चार शेजारी खुर्च्या टाकून बघत असतात.

जागेवर गेल्यावर क्रम मोडायचा नाही. गाडी जोडलेली असतानाच ठोकळ्यांवर चढवून डावं-उजवं समतल करा, चाकांना पाचर लावा, मग गाडी सोडा, आणि पुढे-मागे जॅकने साधा. कोपऱ्यांचे आधार सगळ्यात शेवटी, ते ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. शेनंडोआच्या कॅम्पग्राउंडांत विजेचं हुकअप, म्हणजे ट्रेलरला वीज जोडायची सोय, नाही. त्यांतलं बिग मेडोज साडेतीन हजार फुटांवर आहे आणि मे महिन्यातही रात्र गार असते. हीटर गॅसवर चालला तरी त्याचा पंखा बॅटरी खातो, म्हणून बॅटरी पूर्ण भरून न्या. अशा जागा बहुतेक ठिकाणी सहा महिने आधी ऑनलाइन खुल्या होतात आणि शनिवार-रविवार बघता बघता संपतात.

स्वयंपाक बाहेर करा. एवढ्याशा डब्यात मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म तर वाजतोच, वर तो वास गादीत आठवडाभर राहतो. कुकर न्या, पण लहान. पोळ्या घरून भाजून नेल्या तर गॅस आणि वेळ दोन्ही वाचतं. रात्री उरलेलं अन्न, टूथपेस्टसुद्धा, गाडीत काचा लावून बंद करा. काळी अस्वलं शेनंडोआत भरपूर आहेत. आणि गॅसच्या अलार्मवर मुदतीची तारीख असते, ती बघून ठेवा.

थँक्सगिव्हिंगच्या आत पाण्याच्या टाकीतलं आणि नळ्यांतलं सगळं पाणी काढून गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ फिरवा. मोटारीच्या रेडिएटरचं विषारी असतं, ते चालत नाही. बॅटरी काढून बेसमेंटमध्ये ठेवा, खाण्याचा एकही कण आत राहू देऊ नका, आणि जमिनीतून वायरी-पाइप जिथून वर येतात त्या भोकांत स्टील वूल कोंबा. उंदीर तिथूनच येतात.