पावागडावरून बडोदं दिसत नाही? या चुका टाळा

दिवाळीत पाहुणे आले की आमची बडोद्यातल्या दांडिया बाजारातली मंडळी पावागडला निघतात. रोपवेने वर जायचं, महाकालीचं दर्शन घ्यायचं आणि कठड्याशी येऊन विचारायचं, "आपलं बडोदं कुठंय?" समोर बहुधा राखाडी पडदाच असतो. "इतक्या लांबचं कसं दिसेल!" म्हणत सगळे खाली उतरतात. मी मात्र ते दोनदा नीट पाहिलंय.

अंतराचा अंदाज चुकतो तो रस्त्यामुळे. गाडीने ५० किलोमीटर पडतात, नजर सरळ जाते आणि तिला ४० देखील कापावे लागत नाहीत. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, बडोद्याची ४० च्या आसपास. हिशेबात धरायचा तो दोन्हींतला फरक. क्षितिजाच्या सूत्राप्रमाणे ७६० चं वर्गमूळ साडेसत्तावीस, त्याला ३.५७ ने गुणलं की क्षितिज ९८ किलोमीटरवर येतं. पृथ्वीची गोलाई बडोद्याच्या आड येतच नाही, अडवते ती हवा.

म्हणूनच थंडीचे दिवस निवडणं ही सर्वांत मोठी चूक. डोक्यावर आकाश निळंशार असतं, पण जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही. धूळ नि धूर तिच्यातच कोंडून राहतो आणि आपल्याला नेमकं त्या थरातून तिरकं पाहायचं असतं. भाद्रपद-आश्विनात दोन-तीन दिवस दणकून पाऊस पडून उघडीप झाली की जावं. त्याची परीक्षा घरच्या गच्चीवरच होते: आदल्या संध्याकाळी मावळतीच्या उन्हात पावागडाच्या कडा रेखीव दिसल्या, तर पहाटे निघा. नवरात्रात मात्र नको, कठड्याशी उभं राहायला जागा मिळत नाही.

दुपारी चढणंही टाळा. बडोदं गडाच्या नैर्ऋत्येकडे आहे, त्यामुळे दुपारनंतर सूर्य डोळ्यांवर येतो आणि सगळं धुरकट चकाकतं. सकाळी तो पाठीशी असतो.

जास्त पटीच्या दुर्बिणीसाठी पैसे घालू नका. ती धुरकंही तितकंच मोठं करते आणि हात जरा हलला की चित्र नाचतं. ८ पटीची पुरे, कोपर कठड्यावर टेकवून धरा.

नजर एकदम लांब टाकू नका. आधी वायव्येला जवळच्या हालोलच्या कारखान्यांच्या शेड हेरा. दिशा बसली की मग डावीकडे, नैर्ऋत्येला पुढे. तिथे घर शोधायचं नसतं: इतक्या अंतरावर साध्या डोळ्याला ११ मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी ओळखूच येत नाही. हिरव्या सपाटीवर फिकट, खडबडीत पट्टा दिसतो, तेच शहर.

गेल्या सप्टेंबरात आत्याला घेऊन गेलो होतो. साडेआठ वाजले होते, कठडा अजून ओला होता. तिने दुर्बीण टेकवली, बराच वेळ काही बोलली नाही. मग डोळा न काढताच म्हणाली, "अरे, केवढं पसरलंय रे आपलं बडोदं."