दातांना तार लावल्यावर झोप कशी सांभाळावी

दातांना तार लावायचे घरात ठरते, तेव्हा बोलणे होते ते खर्चाचे, मुदतीचे आणि दिसण्याचे. झोपेचा विषय सहसा कुणी काढत नाही. आमच्याकडेही तो निघाला नव्हता. मुलगी नववीत असताना तिला तार लावली आणि पहिल्याच रात्री दीड वाजता ती बेसिनच्या आरशासमोर गाल ओढून उभी असलेली दिसली. शेवटच्या दाढेमागून तारेचे टोक जेमतेम अर्ध्या तांदळाएवढे बाहेर आले होते, पण कुशीवर वळले की ते गालाला आतून टोचत होते. दवाखान्यातून मेणाची डबी मिळाली होती. ते मेण लावायचे कसे, हे मात्र कुणी दाखवले नव्हते. आम्ही ओल्या तारेवर मेण दाबत राहिलो आणि ते पुन्हा पुन्हा निसटत राहिले. शेवटी कापसाच्या बोळ्याने ती जागा कोरडी केली, वाटाण्यापेक्षा लहान गोळी बोटांत मळून मऊ केली आणि टोकावर बसवली, तेव्हा ती टिकली आणि दोन वाजता घरात निजानीज झाली.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मला पटली आहे. उपचारामुळे झोप मोडते ती थोड्या रात्रींपुरती, आणि त्या रात्री कोणत्या असतील हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते, म्हणून त्यांची तयारी करता येते. काही मुलांची झोप मात्र तार लावण्याच्या कितीतरी आधीपासून बिघडलेली असते. ते वेगळे दुखणे आहे आणि त्याचा शोध वेगळाच घ्यावा लागतो. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून पहिले काम तार लावण्याआधीच्या आठवड्यात करावे. मूल किती वाजता झोपले, रात्री किती वेळा उठले, तोंड उघडे होते का, घोरत होते का आणि सकाळी उठताना ताजेतवाने होते का, हे सात दिवस वहीत लिहून ठेवावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळच्या सत्राची शाळा आणि संध्याकाळी नाशिकच्या कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरचा क्लास करणाऱ्या अनेक मुलांची झोप इथेच कमी पडलेली असते आणि पुढे तिचा दोष तारेच्या माथी मारला जातो.

तार घट्ट केल्यानंतरच्या रात्री

तारेचा ताण दातावर आला की दात आणि हाड यांच्यामधल्या तंतूंवर दाब पडतो, तिथे सौम्य दाह होतो आणि त्यातूनच दात सरकण्याची क्रिया सुरू होते. म्हणजे हे दुखणे उपचार बिघडल्याचे लक्षण नाही. ते साधारणपणे काही तासांनी सुरू होते, चोवीस तासांच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन ते सात दिवसांत ओसरते. हे वेळापत्रक लक्षात ठेवून भेटीची वेळ निवडणे हा मला सर्वांत उपयोगी उपाय वाटतो. शनिवारी सकाळची वेळ घेतली, तर जास्तीत जास्त त्रासाचा काळ शनिवारची रात्र आणि रविवार यांत जातो, आणि सोमवारी शाळेत निदान वरणभात खाण्याइतके तोंड सुधारलेले असते. दर चार ते आठ आठवड्यांनी हीच फेरी येत असल्यामुळे वर्षभराच्या परीक्षांच्या तारखा डॉक्टरांना आधीच देऊन ठेवाव्यात. दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी तार घट्ट करून घेण्यात काहीच शहाणपणा नाही, आणि बहुतेक डॉक्टर आधी सांगितल्यास वेळ पुढेमागे करून देतात.

वेदनाशामक गोळी कोणती आणि किती द्यायची, हे त्याच भेटीत विचारून लिहून घ्यावे, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो. पॅरासिटामॉलला बरेच डॉक्टर पसंती देतात. आयब्युप्रोफेनसारख्या औषधांनी दाह कमी होतो, पण दात सरकण्याची क्रियाही त्याच दाहावर अवलंबून असल्यामुळे ती औषधे दिवसेंदिवस घेत राहू नयेत. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणे शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता, झोपण्याच्या थोडे आधी दिलेली बरी. इथे एक खबरदारी आवर्जून सांगावीशी वाटते. पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यूचे रुग्ण आढळतात. त्या दिवसांत मुलाला ताप असेल, तर दातदुखीसाठी म्हणून घरात ठेवलेली आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.

रात्रीचे जेवण लवकर आणि मऊ असावे: मुगाची खिचडी, कढीभात, दहीभात, दुधात कुस्करलेली पोळी. रविवारची झणझणीत मिसळ आणि तिच्यासोबतचा पापड त्या आठवड्यापुरता टाळावा. तिखट तर्री सोललेल्या गालाला झोंबते आणि कडक पापडाने ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावर चिकटवलेला तुकडा, निघू शकतो. जेवणानंतर नीट ब्रश करावा, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात आणि निजण्यापूर्वी जीभ सगळ्या तारेवरून फिरवून कुठे टोचते का ते पाहावे. टोचत असेल तर जागा कोरडी करून मेण लावावे. बारीक तारेचे टोक असेल, तर स्वच्छ चमच्याच्या मागच्या बाजूने ते हलकेच दाताकडे वळवता येते. जाड तार मात्र घरी वाकवू नये, मेण लावून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावे. मेण, कापूस, लहान आरसा आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवावे. पालथे झोपल्याने गाल ब्रॅकेटवर दाबला जातो, म्हणून त्या दोन-तीन रात्री उताणे, डोके किंचित उंच ठेवून झोपावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ओठ कोरडे पडून ब्रॅकेटला चिकटतात. रात्री ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावले तर हा त्रास वाचतो. मेण झोपेत गिळले गेले तरी सहसा अपाय होत नाही. ब्रॅकेट किंवा तारेचा तुकडा निघाल्यानंतर ठसका थांबत नसेल किंवा श्वासाला अडथळा वाटत असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावे.

काढता-घालता येणारी उपकरणे

पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर बसवायचे ट्रे, दिवसाचे २० ते २२ तास घालायचे असतात, त्यामुळे रात्र त्यातून सुटत नाही. नवा ट्रे झोपताना घालावा म्हणजे पहिला ताण झोपेत निघून जातो, असे बरेच डॉक्टर सांगतात आणि बहुतेकांना ते जमते. ज्यांची झोप मुळातच हलकी आहे, त्यांनी सुटीच्या दिवशी सकाळी ट्रे बदलून पाहायला हरकत नाही. दुखते म्हणून मध्यरात्री ट्रे काढून ठेवण्याची सवय मात्र लागू देऊ नये, कारण दात जागेवर येत नाही आणि पुढच्या रात्री पुन्हा तेवढेच दुखते. खालचा जबडा पुढे आणणारे ट्विन ब्लॉक हे उपकरण जाड असते. सुरुवातीला लाळ खूप सुटते, उशी ओली होते, आणि मूल झोपेतच ते काढून टाकते. त्यासाठी रागावू नये. डॉक्टरांच्या परवानगीने आधी दिवसा घालण्याची सवय करून मग रात्री घातले, तर साधारण एक-दोन आठवड्यांत तोंड रुळते. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून उपचार संपल्यावर रात्री घालायचा रिटेनर घट्ट वाटू लागला, तर मधल्या रात्री तो घातला गेला नाही असे समजावे. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास ती आधीच सांगावी. दात झिजू नयेत म्हणून रात्री घालायचे जुने गार्ड सरकत्या दातांवर नीट बसत नाही.

घोरणे आणि तोंडाने श्वास

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त रात्री घोरणे, झोपेत श्वास क्षणभर थांबून धाप लागल्यासारखा पुन्हा सुरू होणे, मान मागे टाकून झोपणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, सकाळी डोके दुखणे, वर्गात पेंगणे किंवा याउलट अतिचळवळ करणे, ही लक्षणे झोपेतील श्वासावरोधाची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, असू शकतात. लहान मुलांत त्याचे नेहमीचे कारण वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) आणि टॉन्सिल हे असते, आणि त्यावर तार हा उपाय नाही. मूल गाढ झोपेत असताना दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करावे, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असे, आणि ते बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. गरज वाटल्यास ते रात्रभराची झोपेची तपासणी करायला सांगतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सच्या २०१९ च्या अहवालातही हीच भूमिका आहे: दंतव्यंगतज्ज्ञाने, म्हणजे तार लावणाऱ्या डॉक्टरने, लक्षणे हेरावीत, निदान मात्र वैद्यकीय डॉक्टरने करावे.

टाळू अरुंद असलेल्या काही मुलांना टाळू रुंद करणाऱ्या उपकरणाने नाकाने श्वास घेणे सोपे जाते, कारण टाळूचे हाड हेच नाकाच्या पोकळीचा तळ असते. हाडांमधला सांधा वाढत्या वयात जुळत जातो, त्यामुळे हा उपाय लहानपणी सोपा आणि मोठेपणी अवघड असतो. हे उपकरण रुंद करण्यासाठी त्याची किल्ली फिरवल्यावर थोडा वेळ दाब जाणवतो, म्हणून अगदी अंथरुणावर पडताना ती फिरवू नये. पुढच्या दातांत फट पडलेली दिसली तर घाबरू नये, ती अपेक्षितच असते. मात्र केवळ घोरणे थांबावे म्हणून टाळू रुंद करून घ्या, असे तपासणीविना कुणी सांगितले, तर दुसरे मत घ्यावे. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्थांच्या बाह्यरुग्ण विभागात असे मत घेता येते. तारेसाठी उपदाढा (सुळा आणि दाढा यांमधले दात) काढल्या की जिभेला जागा उरत नाही आणि श्वास कोंडतो, ही भीतीही अनेक पालक बोलून दाखवतात. उपदाढा काढल्याने स्लीप ॲप्निया होतो याला पुरावा नाही, असे त्याच अहवालात म्हटले आहे.

स्लीप ॲप्नियासाठी दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपणाऱ्या प्रौढांनी तार लावण्यापूर्वी ही गोष्ट सांगावी, कारण मास्कचा दाब ओठांमागच्या ब्रॅकेटवर येऊ शकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी शक्यतो सुटीच्या आदल्या दिवशी भेट ठेवावी, म्हणजे दुखण्याची पहिली रात्र मशीनवर उभे राहून काढावी लागत नाही.

सात दिवसांची ती वही पुढेही चालू ठेवावी. तार घट्ट केल्यानंतर आठवडा उलटला तरी झोप पूर्ववत होत नसेल, एकाच दाताला रात्री ठणका लागत असेल, हिरडी सुजली असेल किंवा जबड्याचा सांधा कानाजवळ दुखत असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नये. वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या रात्री काय झाले, ते तिच्यातून वाचून दाखवावे.