यात्रेच्या जेवणानंतर गाडीची किल्ली कोणाकडे असावी

सातारा जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रा माघापासून चैत्र-वैशाखापर्यंत चालतात, आणि ज्या घरी बोकड कापले जाते त्या घरापुढे त्या रात्री मोटारसायकली व चारचाकी गाड्यांची रांग लागते. मंडप, आचारी आणि पाण्याचा टँकर यांची तजवीज यजमान आठवडाभर आधी करतो. परंतु मद्य घेतलेला पाहुणा रात्री अकरा वाजता घरी कसा जाणार, हा प्रश्न तो गाडीला किक मारू लागेपर्यंत कोणाच्याही मनात येत नाही. पुढील मार्गदर्शन अशा यजमानासाठी आहे. गुन्हा गाडी चालवणाऱ्याचा ठरतो हे खरे, पण त्याला थांबवण्याची संधी सर्वांत आधी यजमानालाच मिळते, कारण पोलिसाची गाठ गाडी रस्त्यावर आल्यानंतर पडते.

सुरुवात हिशेबाने करावी. माणूस झिंगला आहे की शुद्धीवर आहे, यावर कायदा थांबत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार चाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले की गुन्हा पूर्ण होतो, मग चालक सरळ रेषेत चालून दाखवो अथवा न दाखवो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने ६० मिलिलिटर व्हिस्की किंवा रम घेतली, तर सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते आणि रक्तातील प्रमाण ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचू शकते. ६५० मिलिलिटरची साधी बिअर ५० च्या पुढे आणि स्ट्राँग बिअर ८० च्या पुढे नेऊ शकते. वजन कमी असेल किंवा पोट रिकामे असेल तर आकडा वाढतो; स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने त्यांच्या बाबतीतही तो वाढतो. ‘एका पेगने काय होतंय’ या वाक्याचे उत्तर या आकड्यांत आहे. मात्र हे आकडे मर्यादेच्या आत राहून पिण्याचे कोष्टक म्हणून कोणी वापरू नयेत. शरीरागणिक ते इतके बदलतात की त्यांवर भरवसा ठेवणे म्हणजे जुगार होय.

यात्रेचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम काही आठवडे एकमेकांत मिसळलेला असतो, आणि आपल्या रस्त्यांवरचा खरा धोका तेथे आहे. नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज या पट्ट्यात महामार्गावर येणाऱ्या चालकाला रात्री उसाने ओसंडून भरलेल्या, मागे धड दिवा नसलेल्या ट्रॉल्या भेटतात. कधी त्या हळू चालत असतात, तर कधी पंक्चर होऊन कडेला उभ्या असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. मद्यामुळे ब्रेकवर पाय जायला केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, आणि शेवटची ट्रॉली अनेकदा तेवढ्याच अंतरात असते. समोरच्या प्रकाशझोताने दिपलेले डोळे मद्यानंतर उशिरा सावरतात, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता घटते, आणि मोटारसायकलवर तोल जातो तो वेगळाच. याहून घातक बाब अशी की, आपली क्षमता घटली आहे हे ओळखणारी बुद्धीच मद्य आधी मंद करते. म्हणून ‘मी व्यवस्थित आहे’ ही साक्ष त्या रात्री ग्राह्य धरू नये.

आता तयारी. निमंत्रणाचा फोन करतानाच ‘मुक्कामाला या’ असे सांगावे आणि ते शब्दापुरते न ठेवता सोप्यात व माडीवर वाकळा, सतरंज्या आधीच काढून ठेवाव्यात. पाहुण्याला अंथरूण दिसले की त्याचा पाय निम्मा तेथेच थांबतो. ज्यांना राहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी गावातील वडाप (प्रवासी वाहतुकीची जीप) चालवणाऱ्या एखाद्या न पिणाऱ्या चालकाला रात्रभराचे पैसे ठरवून सांगून ठेवावे आणि त्याला जेवण आपल्याकडेच द्यावे. मंडपाच्या झालरींवर जो खर्च होतो त्यापेक्षा हा खर्च बहुधा कमी असतो. आमच्या घरी तीन वर्षांपासून आल्या पाहुण्याची किल्ली सोप्यातील एका पितळी डब्यात जाते. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी कुरकुरले, आणि यंदा एकाने स्वतःहून विचारले की डबा कोठे आहे. अट एकच आहे: डबा सांभाळणारा स्वतः पिणारा नसावा आणि तो पाहुण्यांपेक्षा वयाने किंवा नात्याने थोडा वडील असावा.

नात्याचा विचार येथे टाळता येत नाही. दाजींकडे किल्ली मागणे हे आपल्याकडे अवघड काम आहे, आणि ते चारचौघांत केले तर मानापमान उभा राहतो. त्यांना बाजूला घेऊन, आवाज न चढवता, ‘दाजी, ताईला मी फोन करून सांगतो, तुम्ही सकाळी न्याहारी करूनच निघा’ असे म्हणावे. ‘तुम्हाला चढली आहे’ हे वाक्य उच्चारूच नये. ते ऐकले की माणूस गाडी चालवूनच सिद्ध करायला निघतो. ऐकत नसतील तर त्यांच्या पत्नीशी किंवा मोठ्या भावाशी बोलणे करून द्यावे. तरीही एखादा हट्टाने निघालाच, तर ११२ या क्रमांकावर कळवण्यात भावकीतील कोणी कमीपणा मानू नये.

एक चूक फार घरांत होते. मोठी माणसे प्यायलेली असल्यामुळे न प्यालेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकल दिली जाते आणि आपण शहाणपणा केला असे सर्वांना वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत वाहन परवाना मिळत नाही.

रस्त्यात नाकाबंदी लागलीच तर काय होते, हे पाहुण्यांना जेवणाआधी सांगितलेले बरे. गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी कलम २०३ अन्वये श्वासाची चाचणी मागू शकतो. नकार देऊन सुटका होत नाही: संशयास वाजवी कारण असल्यास वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि योग्य कारणाशिवाय दिलेला नकार पुढे न्यायालयात चालकाच्याच विरोधात जातो. अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. चाचणी देताना नवी नळी मागणे, यंत्रावरील आकडा स्वतः पाहणे, आणि नुकतेच मद्यार्कयुक्त औषध घेतले असेल तर तसे सांगून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणीची विनंती करणे, एवढे सभ्यपणे करावे. वेलदोडा, पान आणि बडीशेप यांनी वास झाकला जातो, पण यंत्र फुप्फुसातून येणाऱ्या हवेतील अल्कोहोल मोजते. ‘साहेबांना फोन लावतो’ या वाक्यानेही आकडा खाली येत नाही.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हेल्मेटच्या दंडाप्रमाणे जागेवर पैसे भरून हे प्रकरण मिटत नाही, कारण कलम १८५ तडजोडीने निकाली काढता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावेच लागते. शिवाय पोलीस परवाना ताब्यात घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात. ज्याचे पोट ट्रक, वडाप किंवा शाळेच्या गाडीवर आहे, त्याला दंडापेक्षा हीच शिक्षा जड जाते. वाहन चालवण्याचा प्रयत्न करणेही याच कलमात येते आणि ट्रॅक्टर त्यातून सुटलेला नाही.

अपघातात कोणाचा मृत्यू झाला तर प्रकरण वेगळ्याच पातळीवर जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अ मध्ये तो दोनच वर्षांचा होता. परिणामांची जाणीव असूनही गाडी चालवली असे सिद्ध झाले, तर कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी जाऊन सात जण मेले. त्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाखालील तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

विम्याकडे तर कोणी पाहतच नाही. मद्यपान करून चालवलेल्या गाडीचे स्वतःचे नुकसान विमा कंपनी सहसा नाकारते. मृताच्या वारसांच्या भरपाईबाबतही कायद्याने कंपनीला हा बचाव दिलेला आहे. न्यायाधिकरणाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, तरी ते वाहनमालकाकडून वसूल करण्याचा मार्ग खुला राहतो, आणि ती रक्कम अनेक वर्षांच्या उसाच्या बिलांतूनही फिटत नाही. अपघात घडलाच तर पळून जाऊ नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलावावी, जखमीला उपचार मिळवून द्यावेत आणि पोलिसांना कळवावे. चालकाचे ते कायदेशीर कर्तव्य आहे.

राहता राहिली सकाळ. यकृत १०० मिलिलिटर रक्तामागचा अल्कोहोलचा आकडा तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करते. लिंबूपाणी, कडक चहा किंवा थंड पाण्याची अंघोळ तो वेग वाढवत नाही. मध्यरात्री ज्याचा आकडा १५० होता, त्याचा पहाटे सहाला साधारण ६० असतो, म्हणजे झोप होऊनही तो कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट राहतो. त्यामुळे गावातून पहिली एसटी सुटताना कामावर निघायची घाई असलेल्या पाहुण्याला त्या गाडीत बसवून द्यावे, त्याची मोटारसायकल गोठ्याशेजारी सावलीत लावावी, न्याहारी दहाच्या पुढे ठेवावी आणि पितळी डबा तोपर्यंत उघडू नये.