भान, शुद्ध की जाणीव?

मुद्रितं तपासताना मी एक सोपी कसोटी लावते: शब्दाला 'वर येणे' जोडून बघा. चक्कर येऊन पडलेला माणूस तोंडावर पाणी मारल्यावर शुद्धीवर येतो. पुस्तकात रंगलेला माणूस दूध करपल्याच्या वासाने भानावर येतो. त्याची शुद्ध गेलेली नसते, आजूबाजूचं सुटलेलं असतं एवढंच. म्हणून वेळेचं भान राहत नाही, वेळेची शुद्ध नव्हे. 'जाणिवेवर' मात्र कोणीच येत नाही. जाणीव होते, तीही कशाची तरी: चुकीची, उपकारांची. एका कथेत नायिका 'जाणीव हरपून' गाणं ऐकत होती; मी 'भान' केलं. 'लक्षात ठेव' की 'ध्यानात ठेव' यावर डोकं शिणवू नका, दोन्ही चालतात. फक्त 'काय ध्यान आहे!' म्हणताना 'लक्ष' चालणार नाही.