गिरणी कामगारांवर लिहिताय? आधी या चुका टाळा

"युद्ध आलं, महागाई भडकली आणि कामगार पेटून उठला." मुंबईच्या कामगार चळवळीवर तरुणांनी लिहिलेले लेख बरीच वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने होते. वाचायला जोरदार वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही.

पहिल्या महायुद्धातली महागाई १९१७ मध्येही होती. मग लाखाहून जास्त गिरणी कामगारांचा संप जानेवारी १९१९ मध्येच का झाला? कारण तोवर बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या. युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरचं कापड कमी येत होतं आणि इथल्या गिरण्यांनी भरपूर नफा कमावला होता. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला, धान्य कडाडलं. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने चाळीच्या चाळी रिकाम्या केल्या. माल खपतोय, मालकाची तिजोरी भरतेय आणि आपल्या घरात दाणा नाही, हे कामगाराला रोज डोळ्यांनी दिसत होतं. त्या संपातून पगारवाढ पदरात पडली.

आता १९२५ बघा. युद्धातली तेजी ओसरलेली, गोदामं कापडाने भरलेली. मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरपासून गिरण्या बंद पडल्या. डिसेंबरात सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावरचं उत्पादन शुल्क थांबवलं, तेव्हा कुठे मालकांनी कपात मागे घेतली. १९३४ मध्ये जागतिक मंदीच्या काळात पुन्हा कपातीविरुद्ध संप झाला, तो मात्र फसला. म्हणजे एक लढा नवं काही मागण्यासाठी होता, बाकीचे दोन हातात आहे ते राखण्यासाठी. तिन्हींना 'पेटून उठले' म्हटलं की हा फरक पुसला जातो.

माझी सवय सांगतो. कुठल्याही संपावर लिहायला बसलो की वहीच्या समासात आधी दोन प्रश्न लिहितो: बाजारात धान्याचा भाव काय होता? गिरणीचा माल उठत होता का? उत्तरं मिळेपर्यंत पहिलं वाक्य लिहीत नाही. यात आठवडा जातो. ज्यांना आठवडा द्यायचा नाही, त्यांनी हा विषय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बोनस आणि महागाई भत्ता एकच समजू नका. पहिल्या महायुद्धात सुरू झालेला बोनस मालकांनी बंद केला, त्यावरून १९२४ चा संप झाला आणि कामगार हरले. महागाई भत्त्याचा मोठा लढा मार्च १९४० चा.

२ ऑक्टोबर १९३९ चा एक दिवसाचा संप दुसऱ्या महायुद्धाच्या विरोधात होता, तो भत्त्याच्या लढ्यात ढकलू नका.

ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती अशी: "१९२८ च्या संपात सर्व जातिधर्मांचे कामगार खांद्याला खांदा लावून लढले."

हे वाक्य मी स्वतः एकदा छापलंय. एका छोट्या स्मरण-अंकात संपावर माझा लेख होता आणि प्रकाशनाच्या दिवशी त्यातला तुकडा वाचून दाखवला. कार्यक्रम संपल्यावर रिंगखात्यातून, म्हणजे सूत कातण्याच्या विभागातून, निवृत्त झालेले एक आजोबा माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "लेख चांगलाय. पण माझा बाप सगळा जन्म रिंगखात्यात राहिला, साचाखात्यात त्याला पाय ठेवू दिला नाही. ते कुठं लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुढाऱ्यांची भाषणं वाचली होती, मागण्यांची यादी वाचली होती. पण खात्याखात्यात कोण काम करतं, हे मी विचारलंच नव्हतं.

कारण साधं आणि क्रूर होतं. साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, मजुरी जास्त. तिथे मागावरच्या धोट्यातली सुताची कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा आपल्या तोंडाला नको म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी त्यांना त्या खात्यात येऊ दिलं नाही. हा सवाल १९२८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, आणि पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मागण्यांत घेतला. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. तो विरोध या पार्श्वभूमीशिवाय समजत नाही. पोटाला चिमटा बसला की माणसं आपोआप एक होतात असं नाही. कधी त्या चिमट्याने जुनी भिंत आणखी घट्ट होते, कारण चांगल्या मजुरीची जागा कोणालाच सोडायची नसते.

पण इथेच थांबून 'आंबेडकर आणि लाल बावटा (म्हणजे कम्युनिस्ट) कायमचे वैरी' असा निष्कर्ष काढणारेही मला भेटतात. ७ नोव्हेंबर १९३८ बघा. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. अर्धा इतिहास वाचून निवाडा देण्याची घाई मला सहन होत नाही.

दुसरी चूक मोबाईलवरून फिरते: "२७ नोव्हेंबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी कामाचे १४ तास ८ वर आणले." मी हे प्रत्येक वेळी खोडतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी दुखावतं. मजूरमंत्री म्हणून त्यांचं काम मला इतकं मोलाचं वाटतं की त्यावर चुकीची तारीख चिकटवलेली बघवत नाही. कारखाना कायद्याने तास टप्प्याटप्प्याने उतरत गेले. १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ११ तास आणि आठवड्याला ६०, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १० आणि ५४. ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात उभी राहिली, आणि ही दुरुस्तीही त्यांच्याच कारकिर्दीतली. १४ वरून थेट ८ असं लिहिलं की आधीच्या तीस वर्षांतल्या कामगारांचे लढेच गायब होतात.

गिरणीबाहेरच्याही दोन चुका याच लेखांत दिसतात. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली, म्हणून महारांना सैन्याचं दार तेव्हाच पहिल्यांदा उघडलं असं लिहू नका. ते आधी उघडं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या नावाखाली बंद केलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. भरती बंद होणं म्हणजे पगार, पेन्शन, मुलांचं शिक्षण आणि गावात ताठ मानेने चालणं, हे सगळं एकदम जाणं. त्यासाठी केलेले अर्ज-विनंत्या हाही नागरी हक्कांचाच लढा आहे. तो लष्करी इतिहासाच्या पुस्तकात टाकून मोकळं होऊ नका.

'युद्धाने बायकांना कामाची दारं उघडली' हे वाक्य तर जसंच्या तसं उचललेलं असतं. कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये खाणीत भूमिगत कामावर बायकांना असलेली बंदी उठवली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ती पुन्हा लागू झाली. बंदी होती ती त्यांच्या जिवाच्या काळजीपोटी, उठवली ती सरकारला कोळसा हवा म्हणून. हे वाक्य वापरायचंच असेल तर दोन्ही सालं लिहा, आणि खाणीतून वर आलेल्या त्या बायकांना पुढे काम कुठे मिळालं हे शोधून मगच लेख माझ्याकडे पाठवा.