दख्खनच्या गेमसाठी टेक ट्री कसा बसवायचा

मंडळी, इतिहासावरचा स्ट्रॅटेजी गेम करायला घेतला की सगळे आधी टेक ट्रीच, म्हणजे कुठली विद्या (टेक) कुठल्यानंतर शिकायची याचा नकाशा, काढत बसतात आणि तिथंच गाडी रुतते बघा. शंभर चौकोन, मध्ये रेघा, आणि प्रत्येकात काय तर 'हल्ला ५ टक्के जास्त'. कोण वाचणार ते?

आधी काळ आणि मुलूख आवळा. दख्खन, १४७० ते १६९०, बस्स. मग प्रत्येक टेकला दोनच प्रश्न विचारा, ही इथं आली कशी आणि आल्यावर खेळणाऱ्याला नवीन काय करता येतं. दुसऱ्याचं उत्तर नुसती टक्केवारी असेल तर काढून टाका, जीव अडकवू नका. सुरुवातीला १५-२० टेक रग्गड झाल्या.

आता आपल्याच बेळगावच्या किल्ल्याचं घेऊया की. १४७२-७३ च्या सुमाराला महमूद गवान बहमनी फौज घेऊन आला आणि तटाखाली दारू ठासून सुरुंग उडवले, इकडं हा प्रकार तेव्हा नवाच होता. गेममध्ये 'सुरुंग' ची किंमत धरा १००, दर टर्नला (पाळीला) शिकायचे ५ पॉइंट मिळतात, म्हणजे २० टर्न. पण दगडी किल्ल्याला वेढा घालून एकदा हात हलवत परत आलेला असेल त्याला ४० माफ, १२ टर्नमध्ये काम. सिव्हिलायझेशन सिक्स या कॉम्प्युटर गेममध्ये युरेका म्हणून हेच आहे, २०१६ ला आला तेव्हा निम्मी सूट होती, नंतर ४० टक्के केली. दारूत लागणारा सोरा नसेल तर टेक शिकूनही उडवता येणार नाही असं ठेवा, मग सोऱ्याच्या गावासाठी भांडणं होतात, मजा तिथं आहे. आणि सुरुंग एकदा उडाला की ज्यांनी बघितला त्यांनापण थोडी सूट द्या, नाहीतर पुढं गेलेला कुणाला सापडतच नाही. सगळी सूट मिळून ५० च्या वर नको मात्र, फुकटे बसून राहतात.

तोफ ओतायला तर पॉइंटच ठेवू नका, माणूस आणायला लावा. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ ला अहमदनगरात ओतली ती रूमी, म्हणजे तुर्की मुलखातल्या, कारागिरानं. तसा उस्ताद पगारावर ठेवायचा, पगार थकला की तो शेजाऱ्याकडं जाणार, तोफा राहतात पण नवीन ओतता येत नाहीत, हाताखाली दोन पोरं तयार केली असतील तरच धंदा चालू. घोड्यांचंही तसंच, गोवा १५१० पासून पोर्तुगीजांकडं, त्यांच्याशी बिघडलं तर त्या बंदरातनं येणारे अरबी घोडे बंद.

कोडिंग नंतर. आधी पुठ्ठ्याची कार्डं कापा, तिघं-चौघं बसवा, बेळगावी कुंद्याच्या (मिठाईच्या) डब्यावर पैज लावा म्हणजे मन लावून खेळतात. सगळे एकाच क्रमानं टेक घेत असतील तर किंमती वरखाली करण्यात वेळ घालवू नका, त्यानं फार तर दोन टर्न इकडंतिकडं होतात, त्या टेकनं काय उघडतं तेच बदला आणि परत खेळवा.